दोन भाषांत चालणारं बाळाचं नाव : पोर्तुगीज-इंग्रजी घरांनी या चुका टाळा

‘डॅनियल’ हे नाव पोर्तुगीजमध्ये आहे, इंग्रजीतही आहे आणि दोन्हीकडे स्पेलिंगही तेच. आईवडिलांना वाटतं, प्रश्न सुटला. पण ब्राझीलमधली आजी त्याला ‘दानिएऊ’ अशी हाक मारते, कारण तिथे शब्दाच्या शेवटचा ‘ल’ ‘ऊ’सारखा उच्चारतात. लंडनच्या शाळेत तोच मुलगा ‘डॅन्यल’ होतो. हा फरक मूल सहज पचवतं. काही नावांत मात्र फरक एवढा मोठा असतो, की एका घरची हाक दुसऱ्या घराला ओळखूच येत नाही.

लिस्बन, लंडन, बॉस्टन, साओ पाउलो इथल्या मिश्र कुटुंबांना हा प्रश्न पडतो. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थायिक झालेल्या गोव्याच्या कुटुंबांनाही पडतो. त्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका इथे मांडतो.

नाव कागदावर वाचून ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. दोन याद्या समोर ठेवून जुळणारी नावं निवडली जातात. ती डोळ्यांना जुळतात, कानांना जुळत नाहीत.

‘रिटा’ घ्या. अगदी साधं नाव. पण पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ आपल्या ‘र’सारखा नसतो. पोर्तुगालमध्ये बहुतेक लोक तो घशातून काढतात आणि ब्राझीलमध्ये तो जवळजवळ ‘ह’ होतो. म्हणजे रिटाची ‘हीता’ होते आणि रिकार्डोचा ‘हिकार्दु’. उलट ज्या नावाच्या सुरुवातीला ‘एच’ लिहिलेला असतो, तिथे पोर्तुगीज माणूस तो उच्चारतच नाही. ह्यूगो हा ‘ऊगु’ होतो आणि हेलेना ‘एलेना’. इंग्रज आजोबा ‘ह्यूगो’ म्हणून हाक मारतात आणि पोर्तुगीज आजी ‘ऊगु’ म्हणून. वर्षा-दीड वर्षाच्या बाळासाठी ही दोन वेगळी नावं आहेत.

नावाच्या शेवटाकडेही लक्ष द्या. शेवटचा ‘ओ’ दोन्ही देशांत ‘उ’ होतो, म्हणून ‘पेद्रु’. शेवटी लिहिलेलं रोमन ‘ई’ (e) अक्षर पोर्तुगालमध्ये जवळपास गिळलं जातं, तर ब्राझीलमध्ये त्याचा उच्चार स्पष्ट ‘इ’ होतो. ‘ॲलिस’ हे नाव पोर्तुगालमध्ये ‘अलीस’ असतं आणि ब्राझीलमध्ये ‘अलीसी’. शिवाय ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘इ’च्या आधीचा ‘द’ हा ‘ज’ होतो आणि ‘त’चा ‘च’ होतो, म्हणून डायना तिथे ‘जिआना’ असते. तेव्हा नुसतं ‘पोर्तुगीजमध्ये चालेल का’ असं विचारून भागत नाही. आजोळ पोर्तुगालमध्ये आहे की ब्राझीलमध्ये, हे आधी पाहा.

उपाय सोपा आहे. ठरवलेलं नाव दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोनवरून, स्पेलिंग न दाखवता, मोठ्याने म्हणायला सांगा. एकदा नुसतं नाव, एकदा लांबून हाक मारल्यासारखं. मग स्पेलिंग दाखवून वाचायला सांगा. दोन्ही वेळचे उच्चार तुम्हाला गोड वाटले, तर नाव टिकेल. सारा, मरिना, सोफिया, नीना, लारा, लुकास ही नावं या परीक्षेत चांगली उतरतात. ‘लॉरा’ आणि ‘लाउरा’ यांच्यात फरक आहे, पण दोन्ही कानाला चांगले लागतात, म्हणून मी ते नाव आनंदाने सुचवतो. ‘जुआँव’ आणि ‘गिल्येर्मी’ ही सुंदर नावं आहेत, पण त्यांतले नाकातले आणि जिभेचे उच्चार इंग्रजी तोंडाला जमत नाहीत. ती ठेवायची तर ती दुरुस्त करत राहायची तयारी ठेवा. आजोबांचं नाव पुढे न्यायचं असेल, तर तो त्रास घेण्यासारखा आहे.

अर्थ न तपासणं

इंग्रजीत लोकप्रिय असलेली काही छोटी नावं पोर्तुगीजमध्ये रोजचे शब्द आहेत. ‘नोरा’ म्हणजे सून. ‘टिया’ म्हणजे मावशी-आत्या. ‘पिया’ म्हणजे भांडी घासायचं सिंक. ‘इरा’ म्हणजे क्रोध. ‘मिया’ म्हणजे मांजर म्याव करतं ते. यातलं मिया मला फारसं धोक्याचं वाटत नाही, मुलं दोन दिवस हसतील आणि विसरतील. टिया आणि पिया मात्र टाळाच. चार वर्षांच्या मुलीला वर्गात सगळ्यांनी ‘मावशी’ म्हणावं, ही तिला दिलेली नको ती शिक्षा आहे.

उलट बाजूही पाहा. ‘इसिस’ हे ब्राझीलमधलं छान, जुनं नाव, इजिप्तच्या देवीचं. इंग्रजी देशांत ते ऐकताच दहशतवादी संघटना आठवते. मुलीचा काही दोष नसताना तिला दर वेळी खुलासा करावा लागेल.

मुलाचं की मुलीचं, हे गृहीत धरणं

‘डार्सी’ इंग्लंडात आज बहुधा मुलगी असते, ब्राझीलमध्ये ते पुरुषाचंही नाव असतं. प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ डार्सी रिबेरो पुरुषच होते. ‘जीन’चंही तसंच. एकदा विचारून घ्या, एवढंच.

चिन्हांवर नाव टांगणं

पोर्तुगीज अक्षरांवर चिन्हं येतात. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत ती राहत नाहीत, तिथे फक्त साधी रोमन अक्षरं असतात. विमानाच्या तिकिटावरही बहुधा तसंच. त्यात ब्राझील आणि पोर्तुगाल यांचंही सगळीकडे एकमत नाही. अँटोनियो नावातल्या पहिल्या ‘ओ’वर पोर्तुगालमध्ये तिरकी रेघ असते, ब्राझीलमध्ये टोपी. चिन्ह काढल्यावरही नाव ओळखू येतं का, हे पाहा. सोफियाला चिन्हच लागत नाही, म्हणून ते नाव या बाबतीत सुखी.

दोन देशांत दोन स्पेलिंगं

हे सगळ्यात जास्त त्रास देणारं प्रकरण. पूर्वी राजेरजवाड्यांची नावं सरळ भाषांतरित व्हायची. पोर्तुगालची कातारिना इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी १६६२ साली लग्न करून गेली आणि कॅथरीन झाली. तिच्याच हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे गेली. आज मात्र एका नोंदीत ‘कातारिना’ आणि दुसरीत ‘कॅथरीन’ लिहिलंत, तर कागदोपत्री त्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात.

गोव्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदींत ‘श’साठी ‘एक्स’ आणि ‘क’साठी ‘क्यू-यू’ लिहायची पद्धत होती. त्यामुळे शंकर ‘एक्स’ने सुरू व्हायचा, केशव ‘क्यू’ने, आणि कामतांचं ‘कामोतीं’ व्हायचं. १९६१ नंतर शाळेच्या दाखल्यावर तीच नावं इंग्रजी वळणाने आली. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात दाखल करायला गेलेल्या कित्येक घरांना, ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करत बसावं लागलं आहे. हा वारसा नव्या बाळाला देऊ नका.

पोर्तुगालचा कायदा इथे लक्षात घ्यावा लागतो. पूर्ण नावात जास्तीत जास्त सहा शब्द, त्यांतली दोन स्वतःची नावं आणि चार आडनावं. स्वतःचं नाव पोर्तुगीज वळणाचं हवं, म्हणून ‘एमा’ एकाच ‘एम’ने लिहिली जाते. पण मूल परदेशात जन्मलं असेल, त्याला दुसरंही नागरिकत्व असेल, किंवा आईवडिलांपैकी एक जण परदेशी असेल, तर परदेशी नाव मूळ रूपात नोंदवता येतं. ही सवलत माहीत नसल्याने लोक इंग्लंडात ‘पी-एच’ची सोफिया आणि पोर्तुगालमध्ये ‘एफ’ची सोफिया नोंदवून बसतात. दोन्हीकडे एकच स्पेलिंग मागा.

आडनावांचंही आधीच बोलून घ्या. पोर्तुगीज रीतीत सहसा आईचं आडनाव आधी आणि वडिलांचं शेवटी येतं. इंग्रजी फॉर्म आईच्या आडनावाला मधलं नाव समजतो आणि मग ते शाळेच्या यादीतून गायब होतं. आईचं आडनाव टिकवायचं असेल, तर इंग्लंडच्या नोंदणीतच दोन्ही शब्द आडनावाच्या रकान्यात लिहायला सांगा.

गोव्याच्या घरांकडे आणखी एक वाट आहे, घरातलं नाव. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांचे वडील गोव्याच्या घराण्यातले. कागदावर पक्कं पोर्तुगीज नाव असलेले कोश्ता घरच्यांचे ‘बाबुश’ आहेत. कागदावरचं नाव दोन्ही सरकारांना समजेल असं ठेवा आणि कोकणी-मराठी मायेचं नाव घरात मोकळेपणाने वापरा. सगळा भार एकाच नावावर टाकायची गरज नाही.

नोंदणी झाली, आणि आता पटत नाही

घाबरू नका, पण तारखा पाळा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म नोंदवल्यापासून १२ महिन्यांच्या आत बाळाचं पहिलं नाव बदलण्याची सोय आहे. ब्राझीलमध्ये २०२२च्या कायद्याप्रमाणे नोंदणीनंतर १५ दिवसांच्या आत आई किंवा वडील नावाला कारणासह हरकत घेऊ शकतात. त्याच कायद्याने १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला कोर्टात न जाता स्वतःचं पहिलं नाव एकदा बदलण्याचा हक्क दिला आहे. एका देशात बदल केलात, तर दुसऱ्या देशाची नोंद आणि पासपोर्ट लगेच बदलून घ्या. पुढच्या प्रवासाची तिकिटं त्यानंतरच काढा.