गोडी छाटणीआधी डिझेल लाईन बघा: हवा धरलेला ट्रॅक्टर ऐन पावसात बाग घालवतो

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस भागात द्राक्षाच्या आगाप (लवकरच्या) गोडी छाटण्या, म्हणजे फळासाठीच्या छाटण्या, सुरू झाल्यात आणि परतीचा पाऊस अजून डोक्यावर आहे. पोंग्यापासून (डोळा फुटताना) दोडा (घडाचा फुलोरा) संपेपर्यंत डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, धोका सगळ्यात मोठा. रात्री पाऊस झाला, सकाळी पानं ओलीच राहिली, की फवारणीसाठी हातात काही तासच उरतात. नेमका त्याच सकाळी ब्लोअर (फवारणी यंत्र) चालवणारा ट्रॅक्टर सेल मारून मारून बॅटरी उतरवतो, नाहीतर सुरू होऊन बांधापर्यंत जातो आणि बंद पडतो.

या पट्ट्यात बागा गेलेल्या पाहिल्या त्या औषध चुकल्यामुळे कमी, फवारा उशिरा पडल्यामुळे जास्त. उशीर का झाला विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच: ट्रॅक्टरनं एअर घेतला, म्हणजे डिझेल लाईनमध्ये हवा शिरली. का घेतला ते खोलात जाऊन पाहिलं तर तेही बहुतेक वेळा एकच. सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर नवे घातले, पण बोल्टाखालचे तांब्याचे वायसर आणि फिल्टरचं रबर जुनंच परत बसवलं.

या पंधरवड्याची नेहमीची कामं:
- छाटणीनंतर ओलांडे (वेलीचे आडवे हात), खोड आणि तारांवर 1 टक्का बोर्डो (100 लिटर पाण्यात मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो)
- काडीवरच्या डोळ्यांना ते फुटण्यासाठी पेस्ट. हातमोजे आणि चष्मा घालूनच
- छाटलेल्या काड्या, पाला बागेबाहेर
- फेल (घड नसलेल्या) फुटी वेळेत काढणे
- पावसाआधी मँकोझेब (बुरशीनाशक) 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम

आता मूळ मुद्दा. डिझेल खाली गळत नाही म्हणजे लाईन चांगली आहे, असं अजिबात धरून चालू नका. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं. तिथं फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चीर गेलेल्या नळीनं उसाचा रस ओढून बघा, रस सांडत नाही पण तोंडात हवाच येते. फीड पंपाच्या पुढं मात्र दाब असतो, तिथली गळती ओली दिसते. म्हणून कोरडा दिसणारा सांधाच आधी संशयात घ्यायचा.

लक्षणं ओळखा. रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सकाळी बराच सेल खातो, पण दुपारी गरम असताना लगेच सुरू होतो. सुरू झाल्यावर आवाज खालीवर होतो, ब्लोअरचा लोड पडला की दम जातो. टाकी भरलेली असताना कुरकुर नाही, पाव टाकीवर आली की त्रास सुरू. हे शेवटचं लक्षण दिसलं की मी टाकीतल्या ओढनळीवर किंवा कॉकवर संशय घेतो. पुस्तकात असं लिहिलेलं नसेल, पण शिवारात हा अंदाज बऱ्याचदा खरा निघतो.

एक गोष्ट आधी वगळा. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र औषधाच्या भुकटीनं बुजलं असेल, किंवा टाकीची जाळी तुंबली असेल, तरी ट्रॅक्टर असाच बंद पडतो. झाकण सैल करून चालवा. फरक पडला तर दुखणं तिथंच आहे. टाकी पंपाच्या वर असलेल्या लहान ट्रॅक्टरला हे जास्त होतं.

मग फट शोधायची. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी क्लिप लावून जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे सतत येत असतील तर फट टाकी आणि त्या नळीच्या दरम्यान आहे. आणखी खात्री हवी असेल तर स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाच्या उंचीवर ठेवा आणि वेगळ्या पाईपनं थेट फीड पंपाला द्या. पाईपमधली हवा आधी निघू द्या, तोंडानं डिझेल ओढू नका. कॅनवर इंजिन सुरळीत चाललं तर पंपात दोष नाही, जुन्या लाईनमध्येच आहे. मग एकेक तुकडा परत जोडत जा, जिथं बुडबुडे सुरू होतील तो तुकडा दोषी. पारदर्शक नळी डिझेलनं कडक होते, काम झालं की काढून टाका. संशयाच्या सांध्यावर ग्रीस थापून बघणारे जुने मिस्त्री आहेत. बुडबुडे थांबले तर जागा सापडली, पण ग्रीस हा इलाज नव्हे.

सापडणारे दोष साधारण हे: वायसर दबून चपटे झालेले, फिल्टरचं जुनं रबर वर चिकटलेलं आणि त्यावरच नवं बसवलेलं, क्लिपऐवजी तारेनं आवळलेला पाईप, उंदरानं कुरतडलेला पाईप, कॉकची सैल दांडी. ओव्हरफ्लोचा (जादा डिझेल परत नेणारा) पाईपही बघा, तो फाटला तर उभ्या ट्रॅक्टरचं डिझेल रात्रीत मागं उतरतं.

हे बघण्याआधी कुणी नोजलला डिझेल देणारा मोठा पंप उतरवायला सांगितला तर थांबा. पंपाचं काम आणि सगळी नोजल यांचा खर्च हजारांत जातो, आणि दुकानातली डिझेलमध्ये ओतायची महागडी बाटली कुठलीच फट बुजवत नाही. वायसरचा पुडा आणि हातभर डिझेलचा रबरी पाईप एवढ्यानं बहुतेक ट्रॅक्टर ठीक होतात. फिल्टर बदलला की वायसर बदललाच पाहिजे. गावात मिळाला नाही तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होऊन एकदा बसतं. पुढच्या खेपेला मात्र नवाच.

फट बुजवल्यावर एअर काढा. टाकी अर्धी तरी भरा, कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. तरी सुरू झाला नाही तर नोजलकडच्या नटा सैल करून सेल मारा आणि डिझेल आलं की आवळा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल नको. हे फक्त जुन्या पद्धतीच्या पंपाला. 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून नवे धूर नियम लागू झाले, त्यातल्या कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनाची जास्त दाबाची लाईन कधीही सोडू नका. तिथली बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

आणि पाऊस समोर दिसतोय, ट्रॅक्टर उठत नाही, तर दुरुस्तीत सकाळ घालवू नका. शेजाऱ्याचा ब्लोअर मागा, नाहीतर एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप लावून नळीनं मारा. सुरुवात खोलगट, पाणी साचणाऱ्या आणि वारा न लागणाऱ्या ओळींपासून करा, डाऊनी आधी तिथंच दिसतो.