ब्लूग्रास बँडमध्ये शिरताना आणि निघताना

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत. एखाद्या फिरत्या ब्लूग्रास बँडचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून बघा. बँडचं नाव तेच, मधोमध उभा असलेला लीडर तोच, बाजूची माणसं मात्र बहुतेक बदललेली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, भांडणं झाली असणार. भांडणं होतात, नाही असं नाही. पण मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, उभा बास वाजवते, आणि कुणाचा बासवाला आजारी पडला किंवा सोडून गेला की त्या जागी बदली म्हणून जाते. त्यामुळे माणूस निघाल्यानंतरची व्हॅन मी आतून बघितली आहे. तिथे बहुतेक वेळा कारण निघतं ते पैशाचं, घराचं नाहीतर गळ्याचं. आणि ही तिन्ही कारणं बँडमध्ये शिरण्याआधीच विचारून घेता येतात.

इथल्या मराठी घरांतली काही मुलं आता फिडल, मँडोलिन, बँजो मन लावून वाजवतात. त्यातल्या कुणाला एखाद्या बँडकडून बोलावणं आलं की आईवडील आधी हरखतात आणि मग घाबरतात. हे त्यांच्यासाठी आणि त्या मुलांसाठी.

आधी विचारा, बँड कुणाचा

ब्लूग्रासमध्ये बँड दोन तऱ्हेचे. एक, लीडरच्या नावावर चालणारा: गाडी त्याची, तारखा तो घेतो, बाकीचे त्याच्याकडे वाजवतात. दुसरा, भागीदारीचा, म्हणजे मिळकत आणि खर्च दोन्ही वाटून. पहिल्या तऱ्हेत माणसं येणार-जाणार हे गृहीतच धरलेलं असतं. ती रीत या संगीताच्या मूळ घरातलीच आहे. ब्लूग्रासचा जनक मानला जाणारा केंटकीचा बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओवरच्या संगीत कार्यक्रमात आला आणि १९९६मध्ये वारेपर्यंत त्याचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ चालू राहिला. तेवढ्या काळात त्या बँडमधून दीडशेच्या वर वादक गेले. मन्रो वाईट होता म्हणून ते गेले असं कुणी म्हणत नाही. तिथे शिकायचं, नाव मिळवायचं आणि आपली वाट धरायची, असाच तो रस्ता होता.

गिटारवादक-गायक लेस्टर फ्लॅट आणि बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५मध्ये त्याच्याकडे आले आणि १९४८च्या सुरुवातीला निघाले. आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणून ओळखतो, तो आवाज या मधल्या जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांत घडला. शनिवारी रात्री ऑप्रीवर हजर राहायचं आणि बाकीचा आठवडा गाडीत बसून गावोगाव, हा त्यांचा दिनक्रम. रात्ररात्र प्रवास, झोप बसल्याबसल्या. त्यांनी स्वतःचा बँड काढला, आणि मन्रोने पुढे वीसेक वर्षं त्यांच्याशी अबोला धरला. १९७१मध्ये इंडियानातल्या बीन ब्लॉसमच्या महोत्सवात मन्रो आणि फ्लॅट पुन्हा एकत्र उभे राहिले. निघताना काय जपायचं हे मी पुढे सांगणार आहे ते या वीस वर्षांकडे बघून.

तेव्हा बोलावणं आलं की पहिला प्रश्न हा: मी भागीदार की साथीदार? विचारायला संकोच वाटतो, पण लीडरला त्यात काही वावगं वाटत नाही. उत्तर ‘साथीदार’ असेल तर आपण इथे किती वर्षं राहू याचा अंदाज मनाशी बांधूनच हो म्हणा.

पैशाची बोलणी

आपल्याकडे तमाशाच्या फडात कलावंत हंगामाआधी उचल घेतो आणि तेवढा हंगाम फडाशी बांधला जातो. इथे उचल नाही, त्यामुळे बांधिलकीही तेवढीच. पैसे कार्यक्रमागणिक. आठवडा असा जातो: गुरुवारी दुपारी ट्रेलर भरायचा, रात्रभर गाडी, शुक्रवारी एक कार्यक्रम, शनिवारी तीनशे मैलांवर दुसरा, रविवारी परतीचा रस्ता, सोमवारी सकाळी घरी. दिवस पाच गेले, पैसे दोन कार्यक्रमांचे. म्हणून कार्यक्रमाचा आकडा ऐकून खूश होऊ नका, त्याला घराबाहेरच्या दिवसांनी भागा. प्रवासाच्या दिवसाचे काही मिळतात का, जेवणभत्ता किती, खोलीत किती जण, कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे एका बैठकीत विचारून टाका आणि नंतर ईमेलवर लिहून पाठवा, म्हणजे दोघांच्याही लक्षात राहतं.

अमेरिकेत साथीदाराला बहुतेक वेळा नोकर धरत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार धरतात. वर्षअखेरीला हातात ‘१०९९’चा फॉर्म येतो आणि १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आपला आपण भरायचा. आयकर वेगळा. शिवाय आरोग्यविमा नाही. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकतं, तोवर हे जाणवत नाही. त्यानंतर जाणवतं. बँडमधला चांगला मँडोलिनवाला पंचविशी-तिशीत अचानक एखाद्या कंपनीत चिकटला तर त्याची कला आटली असं समजू नका. बायकोच्या नोकरीत विमा आहे का, हे आधी बघा. माझ्या ओळखीत जेवढे जण निघाले त्यात विमा हे कारण सगळ्यांत कमी बोललं जातं आणि सगळ्यांत जास्त असतं.

हे आजचंच दुखणं नाही. केनी बेकर हा मन्रोचा सर्वांत लाडका फिडलवादक. १९५७मध्ये पहिल्यांदा बँडमध्ये आला, पण मधे बँड सोडून केंटकीच्या कोळशाच्या खाणीत कामाला परत गेला. खाणीत पगार नियमित मिळायचा. १९६८पासून मात्र तो टिकला तो थेट १९८४पर्यंत.

टेबलावर विकल्या जाणाऱ्या सीडी आणि टी-शर्टचंही विचारा. लीडरच्या सीडीचे पैसे लीडरचे, हे ठीक. तुमची स्वतःची सीडी त्याच टेबलावर ठेवू देतील का? जिथे ठेवू देतात तिथली माणसं जास्त टिकतात, असं मी बघत आले आहे.

गळा आणि पट्टी

हा भाग वादक फार हलक्यात घेतात. ब्लूग्रास बँडमध्ये पाच जण असतात: गिटार, मँडोलिन, बँजो, फिडल, बास. कधी जोडीला डोब्रो, म्हणजे आडवी धरून तारांवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायची गिटार. ड्रम नाहीत, त्यामुळे ताल बास आणि मँडोलिनच्या ‘चॉप’वर (तारांवरच्या तुटक आघातावर) उभा असतो. आणि वाजवणाऱ्यांपैकीच तिघांनी गायचं असतं: मुख्य आवाज, त्याच्यावरचा टेनर, खालचा बॅरिटोन. म्हणजे बँजोवाला गेला की कित्येकदा बॅरिटोनही जातो. जाहिरात ‘बँजोवादक पाहिजे’ अशी असली तरी लीडर शोधत असतो तो बॅरिटोन गाणारा बँजोवादक. नुसतं बोट पक्कं असून भागत नाही. ज्या मुलांना फिरत्या बँडमध्ये जायचं आहे त्यांनी टेनर आणि बॅरिटोन दोन्ही बसवावेत. ओळखीच्या तीस गाण्यांचा बॅरिटोन तयार असेल तर दारं आपोआप उघडतात.

गायक बदलला की काय होतं ते जवळून बघा. आधीचा गायक एखादं गाणं पांढरी पाचमध्ये म्हणायचा, नव्याचा गळा वरचा, तो म्हणतो पांढरी सात. गिटारवाला चौथ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो आणि हाताची ठेवण तीच ठेवून मोकळा होतो. बँजोवालाही चौथ्यावर कॅपो लावतो, पण त्याची पाचवी तार आखूड असते, ती पाचव्या पडद्यापासून सुरू होते, कॅपोत सापडत नाही. म्हणून नवव्या पडद्याजवळ मानेत ठोकलेला चिमुकला खिळा असतो, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचा; त्याच्याखाली ती तार अडकवायची, की चार अर्धस्वर वर. फिडल आणि मँडोलिनला कॅपो नाही. फिडलच्या चार मोकळ्या तारांपैकी पांढरी सातच्या सप्तकात एकच बसते. जी जागा काल मोकळ्या तारेवर खुलत होती ती आज चार बोटांनी शोधायची. अशी चाळीस गाणी एका आठवड्यात नव्याने बसवायची असतात. मग एखादा फिडलवाला महिन्याभरात म्हणतो, मी निघतो. यात कुणाचं कुणाशी वाकडं नसतं.

म्हणून चाचणीला जाताना गाण्यांच्या यादीबरोबर पट्ट्यांची यादी मागून घ्या. आणि दुसरं वाद्य, दुसरी जागा सांगितली तर चटकन नाही म्हणू नका. १९६३मध्ये डेल मकुरी मन्रोकडे बँजोवादक म्हणून गेला. त्याच वेळी बिल कीथही बँजो घेऊन आलेला. मन्रोने बँजो कीथला दिला आणि मकुरीच्या हातात गिटार देऊन त्याला मुख्य गायक केलं. वर्षभरात मकुरी तिथून निघाला, पण गिटार आणि गाणं त्याच्याबरोबर राहिलं. आज त्याच्या बँडमध्ये मुलगा रॉनी मँडोलिनवर आणि रॉब बँजोवर आहे.

फार चांगला बँड मोडतो तेव्हा

फार चांगला बँडही का मोडतो, याचं उत्तर माझ्यापाशी एका रेकॉर्डच्या रूपात आहे. १९७५चा बँजोवादक जे. डी. क्रो यांचा ‘न्यू साउथ’: क्रो, टोनी राइस, रिकी स्कॅग्ज, जेरी डग्लस, बॉबी स्लोन. ती रेकॉर्ड लोक आजही कंपनीचं नाव आणि क्रमांक यांनी ओळखतात, राउंडर ००४४. हा संच मात्र त्या वर्षाअखेरपर्यंत उरला नाही. राइस मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनकडे कॅलिफोर्नियात गेला, स्कॅग्ज आणि डग्लस यांनी स्वतःचा बँड काढला. निघालेल्यांच्या मनात वेगळं संगीत वाजत होतं, आणि ते पुढे खरोखर झालं. मला यात वाईट काही दिसत नाही. तुमच्या डोक्यात दुसरं संगीत वाजायला लागलं असेल तर ते लीडरच्या कार्यक्रमात कोंबू नका. निघा.

उलट टोकाला वॉशिंग्टनजवळचा ‘सेल्डम सीन’. १९७१मध्ये जमले तेव्हा कुणी डॉक्टर, कुणी गणिती, कुणी नकाशे काढणारा. ठरवलं काय, तर दौरे करायचे नाहीत. आठवड्यातून एकदा गावातच वाजवायचं. म्हणून ते नोकऱ्या सांभाळून राहिले. तिथूनही जॉन स्टार्लिंग १९७७मध्ये डॉक्टरकीसाठी निघालाच. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे त्यांना मी हाच नमुना सुचवते: शंभर मैलांच्या आत, शनिवार-रविवार. आमच्याच राज्यातल्या ‘स्टीप कॅनियन रेंजर्स’मधून वुडी प्लॅट २०२२मध्ये बाहेर पडला. बँड सुरू करणाऱ्यांपैकी एक, वीस वर्षं झालेली, बँड जोरात चाललेला, आणि कारण सांगितलं ते घरच्यांबरोबर राहण्याचं. त्या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

कधी आणि कसं निघायचं

हंगाम साधारण एप्रिलच्या शेवटी सुरू होतो, विल्क्सबरोच्या मर्लफेस्ट महोत्सवाच्या सुमारास, आणि ऑक्टोबरात ओसरतो. निघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सांगा. लीडरला हिवाळा मिळतो, नवा माणूस जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतो. जूनमध्ये, ऐन महोत्सवांत सोडणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, आणि हे जग लहान आहे. दर शरद ऋतूत ब्लूग्रासवाल्यांचा वार्षिक मेळावा भरतो, आधी आमच्या राज्यातल्या रॅले शहरात भरायचा, २०२५पासून टेनेसीतल्या चॅटनूगात. तिथे हॉटेलच्या मजल्यामजल्यावर रात्रभर जॅम चालतात आणि लिफ्टमध्ये तुमचा जुना लीडर भेटतोच.

सांगायचं ते लीडरला, पहिल्यांदा आणि तोंडी. टेनरवाल्याला आधी सांगितलं तर दुसऱ्या पेट्रोल पंपापर्यंत व्हॅनभर झालेलं असतं. कारण एका वाक्यात द्या: विमा, मूल, स्वतःची रेकॉर्ड, पाठ दुखते. खरं तेच सांगा, पण जुने हिशोब त्यात ओतू नका. येणे पैसे असतील तर ते वेगळ्या दिवशी, आकडे लिहून मागा.

मग हस्तांतर करा. हे फार थोडे जण करतात. सगळ्या गाण्यांची यादी, प्रत्येकासमोर पट्टी, सुरुवात कोण करतो, सोलोचा क्रम, शेवट कसा, आणि मंचावर लीडरच्या खुणा. पाय उचलला म्हणजे शेवटची फेरी, हे नव्या माणसाला कोण सांगणार? मी बदली म्हणून गेले तेव्हा असा एक कागद कुणीतरी ठेवून गेलं असेल तर पहिल्याच कार्यक्रमाला निर्धास्त वाजवू शकले. नसेल तर दोन दिवस रेकॉर्डिंग ऐकत बसावं लागलं, आणि रेकॉर्डिंगमधली पट्टी जुन्या गायकाची निघाली.

नव्या माणसाला तुमचा फोन नंबर द्या आणि त्याचे पहिले दोन-तीन कार्यक्रम होईपर्यंत फोन उचला. लीडरला कळवून ठेवा की अडचण पडली तर पुढच्या वर्षी अमुक तारखांना बदली म्हणून येईन. त्या तारखा कॅलेंडर बघूनच द्या, आणि दिल्या की त्या दिवशी दुसरं काम घेऊ नका.