एकट्याने क्रूझला जाताय? मग या चुका टाळा

जाहिरातीतलं भाडं बघून लगेच खूश होऊ नका. ते माणशी असतं खरं, पण एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेलं, त्यामुळे एकटं गेलं की बऱ्याचदा दुसऱ्याचेही पैसे आपल्यालाच भरावे लागतात, म्हणजे जवळपास दुप्पट. याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात आणि मला हे अन्यायाचंच वाटतं. पहिल्याच फोनला विचारा, एकट्याचे टॅक्स आणि ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या स्टाफची टिप) धरून टोटल किती? काही जहाजांवर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन असतात (नॉर्वेजियन एपिकवर २०१० पासून आहेत), पण त्या पटकन जातात, आणि कधीकधी सप्लिमेंट कमी केलेली साधी इनसाइड (बाहेर उघडणारी खिडकी नसलेली) केबिन त्याहून स्वस्त पडते, दोन्ही रेट काढाच.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. समजा सिंगापूरहून फुकेतला गेलात, तर थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवणार आणि जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालू असू शकतं! उतरताना जहाजाची वेळ विचारून घ्या आणि हातात साधं घड्याळ घाला. जहाज लांब उभं राहून छोट्या बोटीने किनाऱ्यावर सोडत असेल तर शेवटची बोट कितीला ते बघा, ती जहाज सुटायच्या बरीच आधी असते. दोघं असले की एक दुसऱ्याला हाक मारतो, आपल्याला कोण मारणार? स्वतःच ठरवून फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं. म्हणून रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा पोर्ट एजंटचा (बंदरावर जहाज कंपनीचं काम बघणाऱ्या माणसाचा) नंबर फोटो काढून ठेवा, पासपोर्टची कॉपी आणि थोडे पैसे जवळ असू द्या.

अशा ट्रिपला सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच (एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा) हवा, कारण परत सिंगापूरलाच उतरायचंय.

बोट लागत असेल तर खालच्या डेकवरची मधली केबिन घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं, आणि गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर नाही. समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल भयंकर येतं.

आणि जेवायला एकटे बसू नका ना! पहिल्याच संध्याकाळी डायनिंगच्या मॅनेजरला सांगा, शेअरिंग टेबल द्या, व्हेज असाल तर तेही तेव्हाच सांगा.