दीड मिलिमीटरचा सह्याद्री

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवरून एकही डोंगर दिसत नाही. बीएस्सीनंतर मी भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा मामा म्हणाले, "इथं बसून डोंगर कसले शिकणार तू?" आता एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि माझं मत उलटं झालंय. डोंगर आणि पाऊस यांचं नातं शिकायला सोलापूरइतकी चांगली जागा नाही. यंदा या विषयाला आलेल्यांसाठी माझा अनुभव लिहितेय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, सह्याद्री कसा तयार झाला? मी बेधडक सांगितलं, "दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले आणि वळ्या पडल्या." ते उत्तर हिमालयाचं होतं. शाळेपासून डोंगर म्हटलं की डोक्यात एकच आकृती बसलेली असते, ती आधी पुसा.

हिमालय मला समजला तो आजीच्या देवघरात. तिच्याकडे नेपाळातल्या गंडकीचा शाळिग्राम आहे. त्याच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं तर आत चक्राच्या बारीक रेषा दिसतात. हे चक्र म्हणजे अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा शंखासारखा जीव. आपला भूखंड सरकत सरकत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, मधल्या टेथिस समुद्राचा तळ दाबला गेला, त्याच्या वळ्या उचलल्या गेल्या आणि समुद्रातला जीव पर्वतात जाऊन बसला. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग देव समुद्रातनंच आला की."

सह्याद्रीची कथा निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. पुढे सेशेल्सचा (आता हिंदी महासागरातली बेटं) तुकडा पश्चिमेला तुटून निघाला. पठाराची ती कड उचलली गेली, झिजत झिजत मागे सरकली, आणि तिलाच आपण सह्याद्री म्हणतो. म्हणजे कोकणातून बघाल तर भिंत, आणि आपल्या बाजूने गेलात तर हळूहळू चढत गेलेलं पठार. कृष्णा आणि भीमा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही बंगालच्या उपसागराकडे जातात, त्याचं कारण हा पूर्वेकडचा उतार. लाव्ह्याचे थर बघायला घाटात जायची गरज नाही. नवी विहीर खणत असतील तिथे जाऊन उभे राहा. काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे, आणि त्यात भरलेले पांढरे खडे म्हणजे झिओलाइट. माझा पहिला नमुना मंगळवेढ्याला आजोळच्या विहिरीच्या ढिगाऱ्यातला आहे.

आता पाऊस. इथे एक काम सांगते, ते कराच. हर्णैच्या आसपास किनारा धरा, तिथून महाबळेश्वरावरून सोलापूरपर्यंत रेघ ओढा. अंतर जवळपास ३०० किलोमीटर. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १० किलोमीटर घेतलं तर पट्टी ३० सेंटिमीटरची होते. उंचीलाही तेच प्रमाण लावा. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर, म्हणजे कागदावर जेमतेम दीड मिलिमीटर! पुस्तकातली आकृती उंची फुगवून काढलेली असते. मी खरी काढली तेव्हा बराच वेळ त्या टेंगळाकडे बघत बसले. एवढ्याशा उंचवट्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुढे वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि आपल्या वाट्याला साडेपाचशे ते सातशे.

असं का, याचं गणित हाताने सोडवा. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द पाठ करून काहीच कळत नाही. हवा वर चढली की पसरते, पसरली की थंडावते. ढग धरेपर्यंत किलोमीटरला साधारण १० अंश. ढग धरल्यावर वाफेचं पाणी होताना उष्णता मोकळी होते, म्हणून थंडावणं मंदावतं, समजा ५ अंश. किनाऱ्यावर २९ अंश आहेत आणि ५०० मीटरवर ढग धरला, तर तिथे हवा २४ अंशांवर येते. माथा १,२०० मीटरचा धरला तर तिथे साडेवीस. पाणी घाटावर पडून गेलं. आता तीच हवा आपल्या बाजूला उतरते ती पुन्हा किलोमीटरला १० अंशांनी तापत. ५०० मीटरवर पोहोचते तेव्हा साडेसत्तावीस. उंची तीच, हवा साडेतीन अंशांनी गरम, आणि वाफ कमी झालेली. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण जुलैत आपल्यावरून पश्चिमेचे ढग धावत जातात, वारा सुटतो आणि थेंब पडत नाही, त्याचा उलगडा मला या बेरीज-वजाबाकीतून झाला.

दुसरा उलगडा चंद्रभागेचा, म्हणजे पंढरपुरातल्या भीमेचा. आषाढीच्या आगेमागे कधीकधी पंढरपूरला नदी दुथडी भरते आणि मंगळवेढ्याच्या रानात धूळ उडत असते. आबा नेहमी विचारायचे, "आभाळात टिपूस नाही, मग हे पाणी कुणाचं?" ते भीमाशंकराकडचं आणि मुळा-मुठेचं, म्हणजे घाटमाथ्याचं. सोलापूरकर रोज सकाळी दौंडहून येणारा नदीचा विसर्ग आणि उजनी धरणाची टक्केवारी बघतात, ती खरं तर सह्याद्रीवरच्या पावसाचीच नोंद असते.

पण सगळं घाटाच्या माथी मारू नका. आपला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. तेव्हा पश्चिमेचा वारा ढिला पडतो, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे इकडे सरकतात आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. त्याच ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी पेरली जाते. हे कळण्यासाठी मी सरळ बाजूंची काचेची बरणी गच्चीवर ठेवली, बाहेरून पट्टी चिकटवली आणि रोज सकाळी साडेआठला मोजायला लागले. हवामान खात्याची चोवीस तासांची नोंदही साडेआठलाच होते. माझ्या वहीत जुलैची पानं जवळजवळ कोरी आहेत आणि सप्टेंबरच्या पानांना समास पुरलेला नाही.

मोसमी पावसाबद्दल वाचताना साल बघत जा. तिबेटचं पठार तापतं म्हणून मान्सून येतो, असं पुष्कळ पुस्तकांत मिळेल. २०१० साली बूस आणि कुआंग या शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिमानातून दाखवलं की पठाराच्या तापण्यापेक्षा हिमालयाचा आडोसा जास्त महत्त्वाचा. उत्तरेची थंड, कोरडी हवा तो अडवून धरतो. परीक्षेत मी दोन्ही लिहिते.

नोकरीचं थोडक्यात. भूशास्त्रात एमएस्सी करून यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते. हवामानाकडे वळायचं असेल तर बीएस्सीला भौतिकशास्त्र सोडू नका; मी सोडलं, आता ते घरी बसून भरून काढतेय. आणि पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा प्रयोग आपल्या सोलापूर परिसरातच केला, आपण पर्जन्यछायेत आहोत म्हणून. त्यावर वाचायला भरपूर आहे.

बरणी मात्र आजच ठेवा. यंदाचा हस्त अजून यायचाय.