नाशिकच्या गोदाघाटावर पुरात, गर्दीत स्वयंसेवक म्हणून उतरताय? या चुका टाळा

पावसाळा आला की नवी पोरं येतात आणि आधी जॅकेट, शिट्टी मागतात. रामकुंडावरून चढाला लागणारी जवळची गल्ली कोणती, हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. गल्ल्या पायी फिरून येईपर्यंत मी शिट्टी देत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे "लोक घाबरतील, आत्ताच सांगू नका". हे सिनेमातलं मानसशास्त्र झालं. खरी माणसं संकटात लगेच घाबरत नाहीत, आधी त्यांचा विश्वासच बसत नाही. शेजाऱ्याकडे बघतात, कुणाला तरी फोन लावतात, "दरवर्षीचंच आहे" म्हणतात. हाताशी असलेला वेळ यातच जातो.

एका पावसाळ्यात सराफ बाजाराजवळ एक उत्साही गडी ओरडत फिरत होता, "गंगापूरचा विसर्ग वाढवलाय, सतर्क राहा!" दुकानदारांनी माना डोलावल्या आणि चहा सांगितला. विसर्ग म्हणजे गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, ते क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. पण त्यावरून आपल्या उंबऱ्याचं काय होणार हे कुणाला उमजणार? इथली माणसं पूर ओळखतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. मग आमच्यातला एक जुना पंचवटीकर पुढे झाला. "काका, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. खालच्या फळीवरचा माल आत्ता वर घ्या, मी धरतो." काका उठले. ते उठलेले बघून समोरचा उठला, आणि मग अख्खी गल्ली हलली.

गर्दीतही तेच. २७ ऑगस्ट २००३ ला कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा गर्दीत मागच्याला पुढचं काही दिसत नाही, तो रेटतच राहतो. चौरस मीटरमागे पाच-सहा माणसं झाली की पाऊल आपल्या मर्जीने पडत नाही, आणि बरेच जण तुडवले जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने जातात. म्हणून पुढे ओरडण्यात दम घालवू नका, मागे माणूस पाठवून तिथला लोंढा थांबवा.

"कुणीतरी ११२ ला फोन करा" म्हटलं तर कुणीच करत नाही. "निळा शर्ट, तुम्ही लावा" म्हणा.

खात्री नसलेला व्हॉट्सअॅप मेसेज पुढे ढकलायचा नाही.

वाहत्या पाण्यात हिरोगिरी नको.

होळकर पुलावर रील काढताना दिसलेल्याचं जॅकेट मी तिथल्या तिथे काढून घेतो, मग तो कुणाचा का पुतण्या असेना.