15 वॅटचा ट्यूब ॲम्प मंडपात ऐकू कसा आणायचा

ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं मी गिटारला 60 वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प वाजवला. मग ट्यूबवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पवर आलो. 15 वॅटचा तो डबा बघून आमचा ढोलकीवाला म्हणाला, "काय बे, आज्जाचा व्हॉल्व्हचा रेडिओ उचलून आणलास का?" अशोक चौकाकडच्या एका गणपती मंडपात त्याचंच खरं झालं. ऑक्टोपॅड सुरू झाला की माझी गिटार गायब. बटण पिळत गेलो, तर आवाज वाढेना, नुसता फाटायला लागला.

ट्यूब ॲम्प असाच वागतो. व्हॉल्यूम अर्ध्याच्या आसपास गेला की ट्यूबची ताकद संपत येते, पुढे फक्त फाटणं वाढतं. रॉकवाल्यांना तेच हवं असतं, पण लग्नात जुनी गाणी वाजवणाऱ्याला नको असतं. मग आपण म्हणतो, 30 वॅटचा घेऊ. थांबा. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. 15 चे 150! तेवढा ट्यूब ॲम्प उचलणार कोण?

त्यापेक्षा आधी स्पीकर बदला. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते : 1 वॅट दिला तर 1 मीटरवर किती डेसिबल. माझा मूळचा 97 चा होता, 100 चा बसवला. तेवढ्यात 15 वॅटच्या ॲम्पने 30 वॅटचं काम केलं. स्पीकरची वॅट-क्षमता मात्र ॲम्पच्या दुप्पट तरी ठेवा. ॲम्प पूर्ण फाटतो तेव्हा लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त पॉवर सोडतो.

आता ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. हे डोळ्यांत तेल घालून बघा. 8 ओहमचा एक स्पीकर असेल तर 8 च्या जॅकमध्ये. शेजारी 8 चाच दुसरा कॅबिनेट (स्पीकरचा डबा) समांतर जोडला की एकूण 4 ओहम होतात, मग ॲम्पवर 4 निवडायचं. दोन स्पीकर एकत्र हवा ढकलतात, खालचे सूर भरतात. स्पीकर जोडायला गिटारची केबल चालत नाही. जाड, साधी दोन तारांची स्पीकर वायरच हवी.

आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीच वाजवू नका. माझं ऐका. गर्दीत कुणाचा तरी पाय अडकून मागची स्पीकरची पिन अर्धी निघाली. आवाज गेला म्हणून मी शहाण्यासारखा व्हॉल्यूम वाढवला आणि जोरात तार छेडली. मागून जळक्या वार्निशचा वास. ट्यूब आणि स्पीकरच्या मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत लूमच्या मोटारी भरून देणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेला. त्यांनी उलटून पालटून बघितला, म्हणाले, "मालक, ह्यात तारेचे थरावर थर अदलाबदलीनं घातल्यात. मोटार द्या, आत्ता भरतो." नवा मागवावा लागला.

टोनकडे वळू. घरात एकट्याने वाजवताना बेस भरपूर आणि मिड (मधले सूर) कमी ठेवला की छान वाटतं. मंडपात तो बेस ढोलकी आणि बेस गिटार गिळून टाकतात. बेस 3 वर आणा, मिड 7 वर. घरी पत्र्यासारखं वाजेल, बँडमध्ये मात्र बरोबर वर येईल. एक पैसा न घालता सगळ्यात जास्त फरक मला इथेच मिळाला.

बूस्टर पेडल (गिटारचा सिग्नल वाढवणारं) घेणार असाल तर कुठे लावता ते बघा. गिटार आणि आधीच फाटणाऱ्या ॲम्पच्या मध्ये लावलं तर फाटणंच वाढतं. इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या सुरुवातीच्या ट्यूब आणि पॉवर ट्यूबच्या मधले जॅक) लावलं तर आवाज वाढतो, अर्थात स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबला जोर शिल्लक असेल तोवर. "जास्त गेनची (सिग्नल जास्त वाढवणारी) ट्यूब घाला" हा सल्ला तर सोडाच. उलट पहिल्या जागेवरची 12एएक्स7 ही छोटी ट्यूब काढून 5751 ही ट्यूब घाला. गेन साधारण 100 वरून 70 वर येतो, स्वच्छ आवाज बटणाच्या आणखी पुढच्या आकड्यापर्यंत टिकतो. पॉवर ट्यूब बदलताना बायस, म्हणजे ट्यूबमधून किती करंट वाहावा ते, लावावा लागतो का ते आधी बघा. लागत असेल तर ते जाणकाराचं काम. बंद करून प्लग काढला तरी आत कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठलेलं असू शकतं.

अमेरिकेतून कुणा पाव्हण्याने ॲम्प आणला असेल तर तो 120 व्होल्टचा आहे का ते मागच्या पट्टीवर वाचा. आपले 230 सरळ दिले तर खेळ खल्लास. 230 चे 120 करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, ॲम्प जेवढे वॅट खेचतो त्याच्या दीडपट तरी मोठा.

स्टेजवर ॲम्प जमिनीवर ठेवला की आवाज तुमच्या पोटरीला ऐकू येतो. खुर्चीवर ठेवा, जरा मागे कलता, तोंड कानाकडे. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चसारखे सरळ जातात. मोठ्या मैदानात मात्र हट्ट सोडा आणि साऊंडवाल्याला माइक लावायला सांगा. एसएम57 असेल तर उत्तम. जाळीपासून दोन बोटं लांब, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. मग ॲम्प फक्त आपल्याला ऐकू आला तरी पुरतो.

दहाला स्पीकर बंद करायची वेळ झाली की टेम्पोवाला घाई करतो. ट्यूब तापलेल्या असताना धक्के बसले तर आतली तार तुटू शकते. दहा मिनिटं थंड होऊ द्या, तोवर केबली गुंडाळा, टेम्पोवाल्याला चहा पाजा.