‘आरएम’ कमांड चालवण्यापूर्वी

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘आरएम’ ही कमांड दिली की फाइल कचरापेटीत न जाता थेट पुसली जाते. ‘.टीएमपी’ने संपणाऱ्या साऱ्या फाइली पुसायला ‘*.टीएमपी’ लिहिताना ताऱ्यानंतर चुकून एक स्पेस पडली, तर लपवलेल्या फाइली वगळता त्या फोल्डरमधल्या साऱ्याच फाइली जातात. माझे एका दुपारचे काम असेच गेले. म्हणून तोच ताऱ्याचा भाग आधी ‘इको’ या नुसते छापून दाखवणाऱ्या कमांडपुढे लिहून कोणती नावे येतात ते वाचावे आणि मगच ‘इको’च्या जागी ‘आरएम’ घालावे.

जीएनयूच्या (लिनक्सवर सहसा असणाऱ्या) ‘आरएम’ला कॅपिटल ‘आय’ हा पर्याय जोडल्यास तीनपेक्षा जास्त फाइली पुसण्यापूर्वी ती एकदाच विचारते. स्मॉल ‘आय’ प्रत्येक फाइलीला विचारतो आणि दहाव्या प्रश्नानंतर बोट न वाचताच ‘वाय’ दाबू लागते, त्यामुळे कॅपिटलच बरा. रूट डिरेक्टरी, म्हणजे बाकी सारे ज्यात असते ते मूळ फोल्डर, पुसण्यास ही कमांड आपणहून नकार देते. आपल्या फाइली असतात त्या होम फोल्डरला मात्र असे कवच नाही.

तरीही फाइल गेलीच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये, कारण मोकळी झालेली जागा नव्या डेटाने भरली जाते. एसएसडीवर ट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवून रिकामी करवणारी सोय) चालू असल्यास बॅकअपखेरीज फारशी आशा नसते.